अंश दिसतो, छेद दिसत नाही: जेमी वार्डीची कारकीर्द संशोधकाच्या नजरेने



मागच्या महिन्यात आमच्या विभागातल्या एका ज्युनियरचा रात्री साडेअकराला मेसेज आला. पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीनंतर लागलेल्या यादीत सलग दुसऱ्या वर्षी तिचं नाव नव्हतं. का नाही, ते कुणी सांगितलं नव्हतं. "ताई, आता सोडून देऊ का?" एवढंच तिने लिहिलं होतं.

मी काय केलं? आपण सगळे करतो तेच. मी कोल्हापूरची, फुटबॉल बघत वाढलेली. माझ्या फोनमध्ये जेमी वार्डीचा एक व्हिडिओ कायम असतो. तो पाठवला आणि खाली लिहिलं, "याला सोळाव्या वर्षी क्लबने काढून टाकलं होतं. एकोणतिसाव्या वर्षी याने प्रीमियर लीग जिंकली. धीर धर."

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "ताई, हा एक झाला. याच्यासोबत काढून टाकलेल्या बाकीच्या पोरांचं काय झालं?"

खरं सांगते, मला लाज वाटली. मी पेशींवर काम करते. औषध दिल्यानंतर किती पेशी जगल्या हे वहीत लिहिलं आणि सुरुवातीला किती घेतल्या होत्या ते लिहायचं राहिलं, तर आमचे गाईड ती वही बघतसुद्धा नाहीत. "छेद कुठाय?" एवढाच प्रश्न विचारतात. आणि मी मात्र एका निराश मुलीला फक्त अंश पाठवून दिला होता.

म्हणून आज वार्डीची कारकीर्द नीट, नोंदींसकट बघू या. ती भारी आहेच. पण त्यातून नेमकं काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे वेगळं काढता आलं पाहिजे. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला हा सराव उपयोगी पडेल.

आधी नोंदी

जेमी वार्डीचा जन्म ११ जानेवारी १९८७ चा, इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरातला. लहानपणी तो शेफिल्ड वेन्सडे या क्लबच्या युवा संघात होता. सोळाव्या वर्षी क्लबने त्याला सोडून दिलं. कारण सांगितलं गेलं ते शरीरयष्टीचं: हा फार लहानखुरा आहे. त्यानंतर काही काळ त्याने फुटबॉलच सोडला होता.

पुढे तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या छोट्या क्लबकडून खेळू लागला. २००७ मध्ये पहिल्या संघात आला तेव्हा मानधन होतं आठवड्याला ३० पौंड. पोट भरायला तो एका कारखान्यात काम करायचा. हातापायाला आधार देणारे वैद्यकीय स्प्लिंट तिथे बनायचे. दिवसा कारखाना, संध्याकाळी सराव, शनिवारी सामना.

याच वर्षी पबबाहेरच्या मारामारीत तो दोषी ठरला आणि सहा महिने त्याच्या पायाला इलेक्ट्रॉनिक टॅग बसला. संध्याकाळी ठरलेल्या वेळेआधी घरात हजर राहायचं, नाहीतर पुन्हा कोर्ट. त्यामुळे बाहेरगावचा सामना असला की तो तासाभरानंतर मैदान सोडायचा आणि थेट आईवडिलांच्या गाडीकडे पळायचा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, कानाचं यंत्र वापरणाऱ्या मित्राची कुणीतरी टिंगल केली म्हणून तो भांडणात पडला होता.

२०१० मध्ये एफसी हॅलिफॅक्स टाउनने १५,००० पौंड देऊन त्याला घेतलं. पहिल्याच हंगामात लीगमध्ये २५ गोल झाले आणि संघ आपली लीग जिंकून वर गेला. २०११ च्या ऑगस्टमध्ये तो फ्लीटवुड टाउनमध्ये गेला. तिथे ३६ लीग सामन्यांत ३१ गोल, आणि हाही संघ विजेता ठरून वर चढला. मे २०१२ मध्ये लेस्टर सिटीने १० लाख पौंड मोजले. नॉन-लीग क्लबच्या खेळाडूसाठी मोजलेली ती तोवरची सर्वांत मोठी रक्कम होती. तेव्हा वार्डी पंचवीस वर्षांचा होता. ज्या वयात फुटबॉलपटूची जागा साधारण पक्की झालेली असते, त्या वयात याला पहिल्यांदा मोठं मैदान मिळत होतं.

व्हिडिओमध्ये इथून पुढे संगीत वाढतं आणि थेट ट्रॉफी दिसते. मधलं एक वर्ष सगळे गाळतात.

गाळलेलं वर्ष

२०१२-१३ च्या हंगामात वार्डीने लेस्टरकडून २६ लीग सामन्यांत ४ गोल केले. फक्त चार. चाहते वैतागले. त्याचाही स्वतःवरचा विश्वास उडाला आणि फुटबॉल सोडण्याचा विचार त्याच्या मनात आला. मॅनेजर नायजेल पिअर्सन आणि त्यांचे सहायक क्रेग शेक्सपिअर यांनी त्याला बसवून समजावलं: तू या पातळीचा आहेस, थांब.

आता विचार करा. ही कहाणी २०१३ च्या उन्हाळ्यात संपली असती, तर आपण काय म्हटलं असतं? "शेफिल्ड वेन्सडेचं बरोबर होतं. खालच्या पायरीवर गोल मारणं वेगळं आणि वर टिकणं वेगळं." नोंदी त्याच, माणूस तोच, निष्कर्ष मात्र बरोबर उलटा. आपण निरीक्षण कुठे थांबवतो यावर निष्कर्ष किती अवलंबून असतो, ते इथे दिसतं. प्रयोगशाळेत चोवीस तासांनी रीडिंग घ्यायचं की बहात्तर, यावर आम्ही भांडतो ते उगाच नाही.

पुढच्या वर्षी, २०१३-१४ मध्ये, वार्डीचे लीगमध्ये १६ गोल झाले. लेस्टर १०२ गुण मिळवून दुसऱ्या श्रेणीत पहिला आला आणि प्रीमियर लीगमध्ये पोचला. २०१४-१५ मध्ये संघ १४० दिवस तळाशी होता. शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून कसाबसा वाचला. त्या अख्ख्या हंगामात वार्डीचे प्रीमियर लीगमधले गोल होते पाच.

आणि मग २०१५-१६. हंगामाआधी लेस्टरच्या विजेतेपदावर सट्टेवाल्यांचा भाव होता एकास पाच हजार. वार्डीने प्रीमियर लीगच्या सलग ११ सामन्यांत गोल केला. २८ नोव्हेंबर २०१५ ला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध केलेल्या गोलने रूड व्हान निस्टलरॉयचा सलग दहा सामन्यांचा विक्रम मोडला. हंगामात लीगमधले २४ गोल झाले. २ मे २०१६ च्या रात्री चेल्सी-टॉटनहॅम सामना २-२ असा सुटला आणि लेस्टर विजेता ठरला. तेव्हा संघातली मंडळी वार्डीच्याच घरी टीव्हीसमोर बसली होती. फुटबॉल पत्रकारांच्या संघटनेने त्या वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं.

ही एका हंगामाची लॉटरी नव्हती, हे पुढच्या नोंदींवरून कळतं. २०१९-२० मध्ये २३ गोल करून तो प्रीमियर लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. वय ३३. हा मान मिळवणारा तो सर्वांत वयस्क खेळाडू. २०२१ मध्ये एफए कप जिंकला. इंग्लंडकडून २६ सामने आणि ७ गोल. १८ मे २०२५ ला लेस्टरकडून शेवटचा सामना खेळला तो ५०० वा होता आणि त्यात केलेला गोल २०० वा. त्यानंतर तो इटलीत क्रेमोनेसेकडून खेळायला गेला. अडतीस वर्षांचा असताना!

नोंदी पूर्ण करायच्या तर नकोशा गोष्टीही लिहायला हव्यात. २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्याचा कसिनोतला एक व्हिडिओ बाहेर आला. त्यात तो पूर्व आशियाई वंशाच्या एका माणसाला वांशिक शिवी देत होता. त्याने माफी मागितली, क्लबने दंड केला. प्रेरणादायी व्हिडिओत हे नसतं. आपल्या गृहीतकाला अडचणीचा वाटणारा डेटा गाळायची सवय लागते ती अशा छोट्या सफाईपासूनच.

"कुठूनच नाही" म्हणजे कुठून?

२०१६ मध्ये वार्डीचं आत्मचरित्र आलं. त्याचं नाव "फ्रॉम नोव्हेअर". म्हणजे कुठूनच नाही अशा जागेतून आलेला माणूस. नाव विकायला चांगलं आहे. पण माझं म्हणणं असं, की या अख्ख्या कहाणीत सगळ्यात चुकीचा शब्द तोच आहे.

इंग्लंडमधला फुटबॉल एखाद्या उतरंडीसारखा रचलेला आहे. सगळ्यात वर प्रीमियर लीगचे २० क्लब. त्याखाली तीन श्रेणींत ७२ क्लब. हे वरचे ९२ म्हणजे "लीग" क्लब. त्यांच्याखाली पाचव्या पायरीपासून जे सुरू होतं ते नॉन-लीग. तिथेही पायऱ्या आहेत, वेळापत्रक आहे, गुणतक्ता आहे, वर चढणं आणि खाली घसरणं आहे. वार्डी पहिल्या संघात आला तेव्हा स्टॉक्सब्रिज आठव्या पायरीवर होता. पुढे तो सातवीवर चढला. हॅलिफॅक्सने त्याला घेतलं तेव्हा तेही सातवीवर होते. फ्लीटवुड पाचव्या पायरीवर, लेस्टर दुसऱ्या.

म्हणजे हा माणूस आठव्या पायरीवरून आला आणि आठवी पायरी ही एक पक्की जागा आहे. तिथे दर आठवड्याला सामना होतो. पंच असतो. कुणी गोल केला ते लिहिलं जातं. स्थानिक वर्तमानपत्रात दोन ओळी छापून येतात. बघायला शे-दोनशे माणसं येतात आणि त्यांच्यात कधीतरी एखादा स्काउट असतो. लेस्टरच्या खेळाडू-शोधाचं काम बघणारे स्टीव्ह वॉल्श यांचं नाव वार्डी, रियाद महरेझ आणि एन्गोलो कांते या तिघांच्या निवडीशी जोडलं जातं. पण वॉल्श काही स्वप्न बघून उठले नव्हते. त्यांच्यापुढे वार्डीच्या कित्येक हंगामांच्या नोंदी होत्या.

शेफिल्ड वेन्सडेचा निर्णय ही एक चाचणी होती असं समजा. कुठल्याही चाचणीत दोन प्रकारच्या चुका होतात. नको त्याला घेतलं तर तो चुकीचा होकार. हवा त्याला काढलं तर तो चुकीचा नकार. चुकीचा होकार आपोआप उघड होतो, कारण तो माणूस तुमच्या संघात असतो आणि खेळताना उघडा पडतो. चुकीचा नकार मात्र दिसतच नाही. तो माणूस तुमच्या दारातून निघून गेलेला असतो. पुढे त्याचं काय झालं हे कुणी मोजलं तरच चूक कळते.

सोळाव्या वर्षी उंची बघणं ही तशी कच्चीच मोजपट्टी. एकाच वयाच्या दोन मुलांत एकाची वाढ दोन-तीन वर्षं आधी होते, दुसऱ्याची नंतर. वार्डीची उंची, त्याच्याच सांगण्यानुसार, क्लबने सोडल्यानंतर झपाट्याने वाढली. आपण कौशल्य मोजतोय असं क्लबला वाटत होतं. प्रत्यक्षात बऱ्याच अंशी ते कॅलेंडर मोजत होते. हल्ली इंग्लंडमधल्या काही अकादम्या मुलांचे गट जन्मतारखेऐवजी शारीरिक वाढीच्या टप्प्यावरून पाडून बघतात, ते याच कारणासाठी.

ही चूक उघडी पडली, कारण नकारानंतरही वार्डीचं मोजमाप चालू राहिलं. शेफिल्ड वेन्सडेने दार लावलं, पण नोंदवही बंद झाली नाही. ती दुसऱ्याच कुणाच्या हातात उघडी होती.

दार कधी उघडलं?

आता थोडं मागे जाऊ. ही उतरंड पहिल्यापासून अशी मोकळी नव्हती. फुटबॉल लीग सुरू झाली १८८८ मध्ये, १२ क्लबांची. पुढे श्रेणी वाढत गेल्या, पण बाहेरच्या क्लबने आत येण्याचा रस्ता जवळजवळ शंभर वर्षं एकच होता: मतदान. हंगाम संपला की तळाच्या क्लबांनी पुन्हा निवडून येण्यासाठी अर्ज करायचा, बाहेरच्यांनीही अर्ज करायचा आणि आत असलेल्या क्लबांनी मत द्यायचं. आतल्यांनी आतल्यांना मत दिलं, तर नवल काय? बाहेरचे निवडून आलेच नाहीत असं नाही. पीटरबरो १९६० मध्ये, हेरफर्ड १९७२ मध्ये, विम्बल्डन १९७७ मध्ये, विगन १९७८ मध्ये आत आले. पण ते अपवाद.

१९८० मध्ये ऑल्ट्रिंचम हा क्लब नॉन-लीगची सर्वोच्च लीग जिंकून मतदानाला उभा राहिला. समोर होता चौथ्या श्रेणीत तळाला राहिलेला रॉचडेल. निकाल लागला २६ विरुद्ध २५. एका मताने रॉचडेल आत राहिला. मैदानावर अव्वल ठरलेला बाहेर आणि तळाचा आत, कारण निर्णय खोलीत झाला.

हे बदललं १९८६-८७ च्या हंगामात. तेव्हापासून पाचव्या पायरीचा विजेता थेट वर जाणार आणि चौथ्या श्रेणीतला शेवटचा थेट खाली येणार, असा नियम झाला. पहिल्यांदा वर गेला स्कारबरो, खाली आला लिंकन सिटी. साल १९८७. वार्डीचं जन्मसाल! दार उघडलं त्याच वर्षी हा मुलगा जन्माला आला. आणि पंचवीस वर्षांनी फ्लीटवुड त्याच्या ३१ गोलांच्या जोरावर ज्या दारातून आत गेलं, ते हेच दार.

किती सुरेख जुळतंय, नाही? मी हे पहिल्यांदा जुळवलं तेव्हा मलाही तसंच वाटलं. निबंध इथेच संपवावा असं वाटलं.

माझा तर्क इथे अडखळतो

पण थांबा. जे फार सुरेख जुळतं, त्याची आधी परीक्षा घ्यायची असते. माझा तर्क असा होता: १९८७ मध्ये दार उघडलं, म्हणून नॉन-लीगमधला खेळाडू वर येऊ शकला. हे खरं असेल तर १९८७ च्या आधी असे खेळाडू सापडायला नकोत.

सापडतात. ख्रिस वॉडल १९८० मध्ये टो लॉ टाउनमधून न्यूकॅसलला गेला. स्टुअर्ट पिअर्स इलेक्ट्रिशियनचं काम करता करता वेल्डस्टोनकडून खेळायचा. १९८३ मध्ये कोव्हेंट्री सिटीने त्याला उचललं. इयन राइट जवळपास बावीस वर्षांचा असताना, १९८५ मध्ये, ग्रिनिच बरोमधून क्रिस्टल पॅलेसला गेला. तिघेही इंग्लंडकडून खेळले. तिघांच्याही वेळी ते दार बंद होतं.

म्हणजे माझा तर्क जसा होता तसा टिकत नाही. नियम क्लबांसाठी होता. खेळाडू विकत घ्यायला कुणाचीच बंदी नव्हती. मग १९८७ च्या बदलाचा वार्डीशी काहीच संबंध नाही का? माझ्या मते आहे, पण आडवळणाने. वर जायचा रस्ता असेल तर पाचव्या पायरीवरच्या क्लबला चांगल्या स्ट्रायकरवर पैसा लावण्यात अर्थ असतो. फ्लीटवुडसारखा महत्त्वाकांक्षी क्लब हॅलिफॅक्सचा स्ट्रायकर घेतो, कारण गोल झाले तर क्लब लीगमध्ये जाणार असतो. त्यामुळे वार्डीला आठव्या पायरीवरून एकदम दुसरीवर उडी मारावी लागली नाही. आठ, सात, पाच, दोन असं चढता आलं, आणि प्रत्येक पायरीवर आधीपेक्षा कडक परीक्षा झाली. हा माझा अंदाज आहे, सिद्ध केलेली गोष्ट नाही. तो तपासायचा तर १९८७ च्या आधीच्या आणि नंतरच्या काळात नॉन-लीगमधून वर गेलेल्या सगळ्या खेळाडूंची यादी करून तुलना करावी लागेल. कुणाला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर घ्या, माझ्याकडून भेट.

एका उदाहरणाने काय सिद्ध होतं?

आता मुख्य मुद्दा. हा वहीत लिहून ठेवा, मुलाखतीतही विचारतात.

एकटं उदाहरण "कधीच नाही" हे विधान खोडून काढू शकतं. "सोळाव्या वर्षी नाकारलेला मुलगा वरच्या दर्जाचा खेळाडू होऊच शकत नाही" असं कुणी म्हणालं, तर वार्डी एकटा पुरेसा आहे. एक प्रतिउदाहरण आणि विधान पडलं. गणितात शिकलोय आपण.

पण तेच एकटं उदाहरण "किती वेळा" हे सांगू शकत नाही. "चिकाटी ठेवली की यश मिळतं" हे प्रमाणाबद्दलचं विधान आहे. त्याला छेद लागतो. ढोबळ हिशोब करून बघू. वार्डी हॅलिफॅक्सला गेला तेव्हा सातव्या पायरीवर तीन समांतर लीग होत्या, प्रत्येकीत साधारण २२ क्लब. एका क्लबात २० खेळाडू धरले तर एका हंगामात, एकाच पायरीवर, १३०० च्या आसपास खेळाडू. तेही शनिवारी पावसात खेळत होते. तेही कारखान्यात, दुकानात, बांधकामावर काम करत होते. त्यांच्यात चिकाटी नव्हती असं म्हणायला आपल्याकडे काय पुरावा आहे? काहीच नाही. चिकाटी बहुतेक सगळ्यांकडे होती. म्हणजे वार्डी वेगळा ठरला तो निव्वळ चिकाटीमुळे ठरला असं म्हणता येत नाही. वेग, उशिरा झालेली वाढ, योग्य वेळी मिळालेला क्लब, वाईट वर्षात हात धरणारा मॅनेजर, मोठी दुखापत न होणं, या सगळ्यांचा वाटा किती, ते एका माणसाकडे बघून वेगळं काढताच येत नाही.

याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. तरून गेलेलेच समोर उभे असतात, म्हणून पोहणं सोपं वाटतं.

मला वाटतं, वार्डीला हे आपल्यापेक्षा आधी कळलं होतं. २०१६ मध्ये त्याने नॉन-लीगमधल्या खेळाडूंसाठी व्ही-नाइन नावाची अकादमी काढली. २०१७ च्या उन्हाळ्यात निवडक खेळाडूंना मँचेस्टर सिटीच्या सराव-केंद्रावर आठवडाभर बोलावलं, सामने ठेवले आणि क्लबांच्या स्काउटना बघायला बोलावलं. टॅमवर्थकडून खेळणाऱ्या डॅनी न्यूटनसारख्या काहींना त्यातून लीग क्लबचे करार मिळाले, बहुतेकांना नाही. पण करणी बघा. "माझ्यासारखी मेहनत करा" असं भाषण देऊन तो थांबला नाही. नाकारलेल्यांचं पुन्हा एकदा नीट मोजमाप होईल अशी जागा त्याने उभी केली.

मग ज्युनियरला काय सांगितलं?

दुसऱ्या दिवशी तिला फोन केला. आधी माफी मागितली. मग माझी स्वतःची गोष्ट सांगितली, जी मी सहसा सांगत नाही. मलाही पहिल्या मुलाखतीत नाकारलं होतं. आमच्या एम.एस्सी.च्या वर्गातल्या सहा जणांना संशोधनात यायचं होतं. आज त्यातली मी एकटी इथे आहे. बाकी पाच जण माझ्यापेक्षा कमी हुशार होते का? अजिबात नाही. दोघांचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. एकाला घरच्या शेतीसाठी परतावं लागलं. एकीला शहरात राहण्याचा खर्च परवडला नाही. मला मात्र मधल्या वर्षी एका प्रोजेक्टवर असिस्टंटचं काम मिळालं. मी चिकाटीने थांबले असं म्हणते खरी, पण थांबायला मला जागा मिळाली होती. स्टॉक्सब्रिज मिळालं होतं म्हणा ना.

मग आम्ही तीन प्रश्न लिहून काढले. तुम्हीही काढा.

पहिला: नकार देताना त्यांनी नेमकं काय मोजलं? विषयाचं ज्ञान, बोलण्याची सफाई, इंग्रजी, की त्या दिवशीचा आत्मविश्वास? जमत असेल तर विचारा. उत्तर मिळालं नाही तरी स्वतः लिहून ठेवा. उंची मोजून कौशल्य नाकारलं असेल, तर तो नकार तुमच्या कौशल्याबद्दल फार काही सांगत नाही. आणि खरंच विषय कच्चा असेल, तर तेही मान्य करा. प्रत्येक नकार चुकीचा नसतो.

दुसरा: पुढच्या वर्षभरात माझं काम मोजलं जाईल अशी जागा कुठे आहे? घरात बसून अभ्यास करणं वाईट नाही, पण त्याची नोंद कुणाच्याच वहीत होत नाही. प्रोजेक्टवरचं काम, एखाद्या परिषदेतलं पोस्टर, कुणाच्या तरी प्रयोगात केलेली मदत, लहान का होईना पण नावावर जमा होणारी गोष्ट. आठवी पायरी चालेल, पण गुणतक्त्यात असलेली हवी.

तिसरा: मी किती वर्षं थांबू शकते? इथे फेलोशिपला वयाची अट आहे, घरभाडं आहे, घरचे प्रश्न आहेत. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा, तो आधीच ठरवायचा. ठरवलेल्या वेळी थांबलात तर ती हार नाही. स्टॉक्सब्रिजच्या संघातले जे कारखान्यातच राहिले, शनिवारी खेळले आणि घरी गेले, ते आयुष्यात नापास झाले असं मला तरी म्हणवत नाही.

आणि एक प्रश्न आपल्या व्यवस्थेसाठी, कारण उद्या तुमच्यातलेच काही जण मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसणार आहेत. आपण दरवर्षी किती जणांना नाकारतो आणि पुढे त्यांचं काय होतं, याचं रजिस्टर कुणी ठेवतं का? घेतलेल्यांची यादी भिंतीवर लागते. नाकारलेल्यांची फाइल कपाटात जाते. कपाट उघडून दहा वर्षांनी कुणी पाहिलंच नाही, तर आपली निवड बरोबर होती हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो? इंग्लंडमध्ये शनिवारचा गुणतक्ता होता म्हणून एक चूक जगाला दिसली. आपल्याकडच्या चुका दिसत नाहीत, याचा अर्थ त्या होत नाहीत असा नाही.

जाता जाता एक गृहपाठ. तुमच्या विषयातल्या एखाद्या मोठ्या संशोधकाची "नाकारलं तरी जिंकला" छापाची गोष्ट घ्या. तिच्यासमोर दोन रकाने आखा. एकात ती गोष्ट काय खोडून काढते ते लिहा, दुसऱ्यात ती काय सिद्ध करत नाही ते. दुसरा रकाना नेहमी मोठा होईल. घाबरू नका, त्यातच पुढचा संशोधनप्रश्न लपलेला असतो.

ज्युनियरने शेवटी काय ठरवलं, ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ती पुढे गेली असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बघा, चिकाटीचं फळ. तिने सोडलं असं सांगितलं तर म्हणाल, बघा, काही उपयोग नाही. तीही एकच आहे, वार्डीसारखी. एकाच्या गोष्टीवरून प्रमाण काढायचं नाही, एवढं आज ठरलंय ना आपलं?

भेटू पुढच्या लेखात.